ओरखडा

दसऱ्याच्या सकाळी आमच्या आळीतून एक फेरी मारावी आणि गंमत पाहावी. एरवी स्वतःच्या अंघोळीचा कंटाळा करणारा पोरगा त्या दिवशी सायकलीला मात्र साग्रसंगीत स्नान घालीत असतो. बादलीभर पाणी, जुना बनियन, वाटीत थोडे खोबरेल तेल! स्पोकांच्या मधून बोटे घालून रिमचा कानाकोपरा पुसला जातो, हँडलला झेंडूची माळ चढते, मडगार्डावर कुंकवाचे बोट उमटते. आणि मग एखादा धाकटा भाऊ घंटी वाजवायला म्हणून हात पुढे करतो, तोच आवाज येतो, "हात लावू नकोस! डाग पडेल!"

या शेवटच्या वाक्यापाशी मी दरवर्षी अडखळतो. पुसणे आणि 'हात लावू नकोस' म्हणणे ही एकाच प्रेमाची दोन रूपे आहेत, असे आपण धरून चालतो. ती खरोखरच एक आहेत काय?

सायकल पुसण्यामागे शहाणपण आहे, यात शंका नाही. चेनवरच्या तेलात रस्त्याची धूळ मिसळली, की त्याचे घासकाम करणारे गंधच तयार होते. ते कड्यांना झिजवते, चेन सैल पडते आणि सैल चेन पुढे दाते खाऊन टाकते. पुसणारा माणस नकळत सायकल तपासतही असतो. सैल झालेला स्पोक, चिरलेला टायर, झिजलेले ब्रेकचे रबर फडक्याखालीच सापडते. चरादेखील अगदीच दुर्लक्ष करण्यासारखा नसतो. रंग खरवडून लोखंड उघडे पडले, तर पाणी आणि हवा तेथे आपला संसार थाटतात. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत तर तो लवकरच वाढतो. पण त्यावर उपाय रंगाच्या एका बोटाचा असतो. त्यासाठी रात्रीची झोप घालवायचे कारण नसते.

उलट, फार स्वच्छतेनेही सायकल बिघडते. पाण्याचा जोराचा फवारा चाकाच्या मध्यभागी मारला, तर तो छर्ऱ्यांमधले ग्रीस धुऊन नेतो. वरून लखलखाट आणि आत कोरडी खरखर! अशी माणसेही आपल्या पाहण्यात असतात. पण तो विषय सणासुदीला नको.

फ्रान्समध्ये १८९६ सालापासून पॅरिस-रूबे नावाची एक सायकल शर्यत होत आली आहे. तिच्या मार्गातले कित्येक टप्पे जुन्या दगडी फरसबंदीचे. पाऊस असला तर चिखल इतका, की स्वारांचे चेहरे ओळखू येत नाहीत. आणि ऊन असले तर तितकीच धूळ. या शर्यतीतल्या विजेत्याला त्याच रस्त्यावरचा असतो तसा एक दगड बक्षीस देतात! आता, या व्यावसायिक स्वारांच्या सायकलींइतकी निगा दुसऱ्या कोणत्या सायकलींची होत असेल? दिवसाची दौड संपली, की संघाचे मेकॅनिक त्या धुतात, पुसतात, वंगण घालतात. परंतु ही सारी खटपट उद्याच्या दौडीसाठी असते. दगडांवर घालायची म्हणूनच ती पुसायची. पुसली म्हणून दगडांपासून दूर ठेवायची नाही.

याच्या अगदी उलट टोक ॲम्स्टरडॅममध्ये दिसते. तेथे सायकल चोरीला जाण्याचे भय इतके, की कित्येक लोक मुद्दामच जुनीपुराणी, गंजलेली सायकल वापरतात आणि पावसात बिनदिक्कत उभी करतात. तिथल्या कालव्यांतून दरवर्षी हजारो सायकली बाहेर काढाव्या लागतात. पण तेवढ्या दूर कशाला? आपल्याकडे तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या सायकली मला चांगल्या आठवतात. मडगार्डावर रंगाने नंबर घातलेला, घंटी मुकी, सीट फाटलेली. ती सायकल कोणी कधी पुसली नाही, कारण ती कोणाचीच नव्हती. मनात आले, आपलेपणा नसला तर वस्तूची अशी परवड होते. मग आपलेपणा असला म्हणजे सगळे ठीक होते का?

माझा अनुभव याच्या विरुद्ध साक्ष देतो. शालान्त परीक्षा पास झालो, तेव्हा वडिलांनी मला नवी सायकल घेऊन दिली. काळी कुळकुळीत, सोनेरी रेघांची. चाकाच्या मधल्या नळीवर मी रंगीत गोंड्यांचे कडे चढवले होते. चाक फिरता फिरता ते नळी पुसत राही. दांडीला आईकडून कापडी खोळ शिवून घेतली होती. एका पावसाळी रात्री शेजारचे अण्णा दारात आले. म्हणाले, "बाळा, सायकल देतोस जरा? धाकटीला ताप भरलाय. पेठेतून औषध आणायचंय."

बाहेर चिखल होता. अण्णांची सायकल चालवण्याची तऱ्हा मला ठाऊक होती. माझ्या तोंडून निघून गेले, "अण्णा, चाक पंक्चर आहे हो."

"असू दे, असू दे," म्हणत त्यांनी छत्री उघडली आणि ते पायी निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सायकल बाहेर काढली, तेव्हा ते ओट्यावर दात घाशीत उभे होते. त्यांनी चाकाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता ते आत गेले.

मुलगी दोन दिवसांत बरी झाली. वाईट असे काहीच घडले नाही. पण अण्णांनी त्यानंतर माझ्याकडे कधी काही मागितले नाही. माझ्या मनावर ओरखडा उमटला, असे लिहून मला सुटता येईल. परंतु ओरखडा पडला तो अण्णांच्या विश्वासावर. आणि तो पुसायला माझ्याजवळचे फडके उपयोगाचे नव्हते. सायकल मात्र पुढे कित्येक महिने नव्यासारखी दिसत होती!

पुढे मी मास्तर झालो. आमच्या शाळेत मानव विकास कार्यक्रमातून आठवीच्या पुढच्या मुलींना सायकली मिळाल्या. एका मुलीने दांड्यांवरचे प्लास्टिकचे वेष्टन सबंध पावसाळाभर काढलेच नाही; रंग जाईल म्हणून. गणपतीच्या सुटीत ते काढले, तर आत शिरलेल्या पाण्याने ठिकठिकाणी गंज धरलेला! बिचारी रडकुंडीला आली. दुसरी एक मुलगी होती. तिच्या कॅरिअरवर कधी धाकटा भाऊ, कधी दळणाचा डबा. कॅरिअरचा रंग केव्हाच उडाला होता, पण चेन पाहावी तर स्वच्छ आणि तेल दिलेली. मी कौतुकाने विचारले, तशी म्हणाली, "सर, चेन सुकली की पाय दुखतात. रंगाचं काय!"

मला वाटते, माझ्या प्रश्नाचे उत्तर तिने दिले होते. धूळ ही कालच्या रस्त्याची. ती आज पुसलीच पाहिजे, म्हणजे उद्या सायकल धावेल. ओरखडा मात्र कोणाच्या तरी उपयोगी पडल्याची खूण असू शकते. जी वस्तू जपताना आपण माणसाला खोटे सांगतो, ती वस्तू आपली राहिलेली नसते. आपणच तिचे झालेलो असतो.

यंदा दसऱ्याच्या आदल्या दिवशी शेजारचा मुलगा माझी सायकल घेऊन गेला होता. परतला तो मान खाली घालून. मागच्या मडगार्डावर चांगला वीतभर चरा होता. "काका, चुकून भिंतीला घासली..."

क्षणभर माझ्या पोटात कालवले, हे खोटे कशाला बोलू? पण मी विचारले, "ब्रेक लागत होते ना नीट?"

तो हसला. मग आम्ही दोघांनी मिळून सायकल पुसली.