आधी त्यांना बोलू दे

वाई, मार्गशीर्षातला गुरुवार

प्रिय चिऊ,

तुझा लांबलचक निरोप मोबाईलवर वाचला, पण उत्तर कागदावर लिहितेय. तुझ्या धडगावात रेंज येते-जाते. हे पत्र निदान उशाशी राहील. दादाचा खोकला आता बरा आहे. वहिनीला मात्र पोरगी थंडीत कुडकुडत असेल, याचाच घोर. सातपुड्यातली थंडी वेगळी असते गं, पहाटे बाहेर पडताना कानाला रुमाल बांधत जा. मेतकूट आणि तिळाच्या वड्या कुरिअरने पाठवल्यात. वड्या आश्रमशाळेतल्या मुलींना दे, मेतकूट स्वतःला ठेव.

आता मनातलं लिहिते. ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला सातवीच्या मुली पाहुण्यांसमोर आपापलं स्वप्न इंग्रजीत सांगणार, हे वाचून फार आनंद झाला. पुढच्या ओळीने मात्र जरा काळजीत पडले. ‘वाक्यं लिहून दिलीत, पाठ करून घेतेय.’ बाळा, पाढे पाठ करून घे, कविता पाठ करून घे. स्वप्न तेवढं पाठ करायला लावू नकोस.

२००० साली आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी आलं, तेव्हा आमच्या शाळेतही मुलं काही महिन्यांत ‘आय वॉन्ट टू बिकम अ डॉक्टर’ घडाघडा म्हणायला लागली. निम्मा वर्ग डॉक्टर, निम्मा पोलीस. पालक खूश, साहेब खूश. पण ‘का गं, डॉक्टरच का?’ असं विचारलं की पोर गप्प. वाक्य तिचं नव्हतंच, मग कारण कुठून आणणार?

तुझ्या मुलींची घरची बोली पावरी, शाळेची मराठी आणि त्यावर ही इंग्रजी. मनातलं एकदम तिसऱ्या भाषेत मागू नकोस. आधी पावरीत बोलू दे. तुला कळणार नाही, तर स्वयंपाकाच्या मावशींना शेजारी बसव, त्या सांगतील. मग फळ्यावर मराठीत येऊ दे आणि शेवटी तूच इंग्रजी दे, प्रत्येकीला तिच्या वाक्यापुरतं. न्यूझीलंडमध्ये सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर नावाच्या बाई माओरी मुलांना असंच शिकवत. रोज प्रत्येक मुलाला विचारायचं, तुला आज कुठला शब्द हवा? तो पुठ्ठ्यावर लिहून त्याच्या हातात द्यायचा. भीतीचे, मायेचे शब्द मुलं एकदा पाहून लक्षात ठेवत. जो राहत नसे, तो त्यांच्या आतला नव्हता असं बाई धरत. त्यांचं ‘टीचर’ हे पुस्तक १९६३ साली आलं. मिळालं तर वाच.

आणि ‘मोठी होऊन कोण होणार’ एवढंच विचारू नकोस. त्याचं उत्तर नोकरीच्या नावातच येतं. तुझ्या पाड्यांवरचे किती आईबाप ऊसतोडीला, मजुरीला गुजरातेत जातात, तूच लिहिलं होतंस. त्या पोरीचं खरं मागणं आई होळीला घरी यावी एवढंच असेल. ‘आय होप माय मदर कम्स होम फॉर होळी.’ बघ, ‘आय होप’ म्हटलं की पुढे साधं वाक्य जोडायचं, झालं. पोरींच्या निम्म्या इच्छा दुसऱ्यासाठी असतात, म्हणून मी तर हेच आधी शिकवलं असतं. ‘आय विश आय हॅड अ सायकल’ नंतर घे. सायकल आत्ता नाही आणि क्रियापद भूतकाळी का, म्हणून त्या गोंधळतील. तेव्हा ‘माझ्याकडे सायकल असती तर’ म्हणून दाखव, चटकन उमजेल. ‘मला व्हायचंय’ची सवय असल्यामुळे ‘मला’साठी इंग्रजीतलं ‘मी’ घालून ‘मी वॉन्ट’ म्हणणारीही एखादी निघेल. हसू नकोस, कुणाला हसू देऊ नकोस.

काय नको, हेही विचार. लहान माणसाला ते आधी सांगता येतं. सावित्रीबाईंचंच नाव घेतेस म्हणून आठवण करून देते. फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ताबाईने मांग-महारांच्या दुःखावर लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’त छापून आला. पोरीने भोगलेलं, पाहिलेलं दुःख मांडलं, आणि कसं जगायला हवं ते त्यातूनच दिसलं. ३ जानेवारीला पाहुण्यांना तिच्याविषयी सांग.

मार्टिन ल्यूथर किंगचं स्वप्नाविषयीचं भाषणही जरूर दाखव. मुलींना एवढं मात्र सांग, की २८ ऑगस्ट १९६३ ला वॉशिंग्टनमध्ये ते लिहून आणलेला मजकूर वाचत होते आणि स्वप्नाचा भाग त्यात नव्हता. गायिका महेलिया जॅक्सन जवळून ओरडल्या, त्यांना स्वप्नाचं सांग! मग त्यांनी कागद बाजूला सारला. स्वप्नाविषयी ते आधीही इतर सभांतून बोलले होते, मनात मुरलेलं होतं, म्हणून तिथे बोलता आलं. ते भाषण ऐकवून लगेच मुलींच्या हातात तयार वाक्यं देऊ नकोस गं.

एखादी मुलगी चुकत चुकत काही बोलली, तर आधी तिच्या बोलण्याला उत्तर दे. तिने ‘माय फादर नो गो’ म्हटलं, तर ‘बाबा कधी जाणार आहेत?’ असं विचार. क्रियापद उद्या दुरुस्त होईल. ती बोलत असताना मध्येच खोडलंस, तर पुढच्या वेळी ती पुन्हा डॉक्टर होईल. आणि एखादीने जे सांगितलं ते मंचावर नको, असं म्हटलं तर नको. सगळीच स्वप्नं पाहुण्यांसाठी नसतात. त्या दिवशी तिने गाणं म्हणावं, रांगोळी काढावी.

मुख्याध्यापक विचारतील, कार्यक्रम चांगला दिसायला नको का? नम्रपणे सांग, वाक्यं छोटी असतील पण मुलींची असतील. तू घाबरतेस ते मला ठाऊक आहे, नोकरी नवी आहे. पण वर्ग तुझा आहे, आणि मला तुझ्यावर विश्वास आहे.

इकडे शिवारात हुरडा आलाय, तुझ्या वाटणीचा दादाच खातो. त्याला रविवारी फोन करत जा, तो बोलत नाही पण वाट बघतो. शेवटच्या बाकावरची ती मुलगी, जी वर्गात तोंडच उघडत नाही, तिचं काय झालं ते कळव. अजून बोलली नसली तरी कळव.

तुझी,
आत्या