संतोष कोणी कोणास सांगावा?

संध्याकाळच्या प्रवचनास जमणाऱ्या श्रोतृवर्गात सेवानिवृत्तांचा भरणा मोठा असतो, आणि व्यासपीठावरून त्यांस जो उपदेश वारंवार ऐकविला जातो तो बहुधा संतोषाचा असतो: वय झाले, आता वासना आवरावी, गरजा कमी कराव्या, पदरी पडले ते पवित्र मानावे. या उपदेशात असत्य असे काही नाही. तथापि ज्या श्रोत्याचे मासिक उत्पन्न एकाच आकड्यावर खिळलेले आहे, आणि तूरडाळीपासून रक्तदाबाच्या गोळ्यांपर्यंत ज्याच्या नित्य गरजेच्या वस्तू वर्षागणिक महाग होत आहेत, त्यास हा उपदेश करण्याचा अधिकार कोणास पोहोचतो, हा प्रश्न अर्थशास्त्राइतकाच धर्मविचाराच्या कक्षेतला आहे.

उपदेशकाच्या पाठीशी आश्रमव्यवस्था उभी असते. केस पिकले, अंगावर सुरकुत्या आल्या आणि नातवाचे मुख पाहिले, की गृहस्थाने वनाची वाट धरावी, असे मनुस्मृती सांगते. परंतु ज्या अरण्याच्या भरवशावर ती व्यवस्था रचलेली होती तेथे कंदमुळांस भाव नव्हता आणि पर्णकुटीस घरपट्टी नव्हती. आजच्या निवृत्तास वानप्रस्थ आचरावयाचा तो भर बाजारपेठेत. शिवाय वयोमानाने गरजा घटतात हेही अर्धेच खरे. कपडालत्ता आणि हौसमौज घटते, पण औषधे, चष्मा, कवळी, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आणि पुढे सोबतीस ठेवावयाचा माणूस हा सारा खर्च नेमका याच वयात दत्त म्हणून उभा राहतो.

महागाईची झळ सोसण्याच्या बाबतीत मात्र सर्व निवृत्त सारखे नाहीत. सरकारी निवृत्तांचा महागाई भत्ता ग्राहक मूल्य निर्देशांकाशी बांधलेला असून जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा ठरतो. परंतु एस. टी. महामंडळ, साखर कारखाने, सूतगिरण्या यांतून उमेदीची वर्षे घालवून बाहेर पडलेली जी माणसे कर्मचारी निवृत्तिवेतन योजना १९९५ खाली येतात, त्यांचे निवृत्तिवेतन अशा कोणत्याही निर्देशांकास बांधलेले नाही. या योजनेतील किमान निवृत्तिवेतन सप्टेंबर २०१४ मध्ये दरमहा १,००० रुपये ठरले, आणि दहा वर्षे उलटून गेल्यावरही ते तेवढेच होते. भाववाढ वर्षास सहा टक्के धरली, तर बारा वर्षांत किमती दुप्पट होतात. म्हणजे अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालेल्या माणसाच्या हाती सत्तरीस नोटा तितक्याच येतात, पण पिशवीत निम्माच जिन्नस पडतो. रिझर्व्ह बँकेस घालून दिलेल्या उद्दिष्टाची वरची मर्यादाही सहा टक्क्यांचीच आहे, हे येथे ध्यानात ठेवावे.

आता शास्त्राकडेच वळू. पतंजलीने संतोष नियमांत घातला आणि अस्तेय, म्हणजे चोरी न करणे, यमांत घातले. नियम हे साधकाने स्वतःपुरते आचरावयाचे. यम मात्र देश, काल, जाती यांच्या मर्यादा न मानणारे सार्वभौम महाव्रत होय. यमांतही अपरिग्रहाच्या, म्हणजे संचय न करण्याच्या, आधी अस्तेयाचा क्रम लागतो. तेव्हा समाजाने वृद्धांस अपरिग्रह शिकविण्यापूर्वी, त्यांच्या बेगमीतून आपण काही काढून तर घेत नाही ना, एवढे पाहणे क्रमप्राप्त आहे.

यावर कोणी म्हणेल की भाववाढीत चोर कोणीच नसतो. पाऊस, तेल, दूरदेशीची युद्धे यांस कोणत्या कोठडीत घालावयाचे? आक्षेप रास्त आहे, परंतु येथे चोरी भावाची नसून वचनाची आहे. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्यात निर्णय दिला, की निवृत्तिवेतन ही धन्याची मेहेरबानी किंवा बक्षिसी नसून केलेल्या सेवेचा हक्काचा मोबदला आहे. तो खटला सरकारी निवृत्तांचा होता. पण त्यातील नीती इतरांच्या बाबतीत खोटी ठरत नाही. पुरते काम करून घेऊन त्याचा मोबदला झिजत जाणाऱ्या नाण्यात फेडणे, याला प्रामाणिक जमाखर्च म्हणत नाहीत.

संतोषाचे प्रमाण म्हणून आपण नेहमी तुकोबांस पुढे करतो. त्यांच्या घरी महाजनकी होती. १६३० च्या दुष्काळात त्यांची प्रथम पत्नी अन्नावाचून गेली. आणि पुढे त्यांनी ऋणकोंची खते इंद्रायणीत बुडविली, असे परंपरा सांगते. पण तीच परंपरा हेही सांगते, की निम्मी खते त्यांनी धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या, स्वाधीन केली आणि बुडविली ती केवळ आपल्या वाट्याची. सख्ख्या भावावरही त्यांनी आपले वैराग्य लादले नाही. ज्याचे बुडावयाचे त्यानेच ते बुडवावे, ही त्यांची मर्यादा. आणि आम्ही मात्र दुसऱ्याची खते परस्पर पाण्यात सोडून त्यास निरिच्छतेचे निरूपण ऐकवितो.

भाववाढीने वृद्धाचे आणखी एक धार्मिक नुकसान होते, ज्याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. हात आखडला की पहिली काट पोटास बसत नाही, ती दानधर्मास बसते: दिंडीस दिला जाणारा शिधा, सप्ताहाची वर्गणी, दारी आलेल्या पाहुण्याचा चहा, नातवंडाच्या हातावर ठेवावयाचा रुपया. आयुष्यभर देणाऱ्याच्या भूमिकेत वावरलेला गृहस्थ उतारवयात सुनेकडे औषधाचे पैसे मागताना ओशाळतो, आणि या ओशाळेपणालाच शेजारीपाजारी ‘आता त्यांचे मन संसारातून उठले’ असे गोंडस नाव देतात. देण्याची ऐपत असून जो थोडक्यात राहतो त्याच्या संतोषास मी नमस्कार करीन. निरुपायाने गप्प बसलेल्यास संतोषी म्हणणे ही मखलाशी आहे.

म्हणून प्रवचनकारांस विनंती एवढीच, की संतोषाचे निरूपण खुशाल करावे, पण ते प्रथम आपणा कमावत्यांपुढे करावे. आणि निवृत्तांच्या सभेत बोलावयाचे असेल तेव्हा, प्रत्येक निवृत्तिवेतन, मग ते कोणत्याही खात्याचे असो, सरकारी निवृत्तांप्रमाणेच महागाईच्या निर्देशांकास बांधले जावे, या मागणीस आपल्या व्यासपीठावरून उघड पाठिंबा द्यावा.