फुकट बघण्याचं देणं

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी संध्याकाळी आम्ही तिघं मित्र चर्चगेटला उतरून चालत काळा घोड्याला पोचलो, तेव्हा के. दुभाष मार्गावर पाय ठेवायला जागा नव्हती. गाड्या बंद, दोन्ही बाजूंना इन्स्टॉलेशन्स, आणि प्रत्येकासमोर फोटोसाठी रांग. काळा घोडा आर्ट्स फेस्टिव्हल १९९९ साली सुरू झाला. नऊ दिवस चालतो आणि आत जायला तिकीट नाही. महिनाअखेरीला मुंबईत फिरायचं असेल तर यापेक्षा बरी जागा नाही.

जहांगीर आर्ट गॅलरीच्या बाहेर फुटपाथवर चित्रकार बसतात. फेस्टिव्हल नसतानाही बसतात. त्यातले एक काका एका लहान मुलीचं चित्र काढत होते. मी बाजूला उभा राहिलो. कोऱ्या कागदावर आधी भुवया आल्या, मग नाक, मग हसू दाबून धरलेले ओठ. मी सगळं शूट केलं. चित्र झाल्यावर काकांनी मला विचारलं, "बसायचंय का? पंधरा मिनिटांत होतं."

मी म्हणालो, "नको काका, नुसतं बघतोय."

परतीच्या लोकलमध्ये त्या व्हिडिओचा वेग वाढवून तीस सेकंदांची रील केली, मागे संगीत टाकलं. दोन दिवसांत चाळीस हजार व्ह्यूज. माझी इतकी कुठलीच रील चालली नव्हती. खाली कोणीतरी विचारलं, "आर्टिस्टचं नाव काय?" मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात अडकलाय. रस्त्यावर जे सगळ्यांसाठी मांडलेलं आहे, ते बघितल्याबद्दल आपण कोणाचं काही देणं लागतो का?

पहिलं उत्तर सोपं आहे: नाही. रस्ता सगळ्यांचा. माझ्या बघण्यानं चित्र झिजत नाही. प्रत्येक नजरेला बिल लागलं तर रस्ता आणि मॉल यांत फरक काय उरला? खिशात पैसे नसलेल्या माणसालाही थांबून गाणं ऐकता यावं, म्हणून तर असे उत्सव रस्त्यावर हवेत. हे मला आजही पटतं.

पण माझा धंदाच फुकटावर उभा आहे, त्यामुळे या उत्तराची दुसरी बाजू मी पाहिली आहे. डिसेंबर २०२१. माझ्या पहिल्या नोकरीतले दिवस. लॉगफोरजे नावाच्या एका फुकट लायब्ररीत मोठं भगदाड सापडलं. जावात लिहिलेल्या असंख्य सिस्टिम्स ती वापरत होत्या, आमचीही. आमचा अख्खा शनिवार-रविवार पॅच लावण्यात गेला. रात्री कॉलवर कोणीतरी वैतागून म्हणालं, "कोणी लिहिलंय हे?" सगळे हसले, मीही हसलो. नंतर वाचलं की ती लायब्ररी सांभाळणारे बहुतेक लोक आपापली नोकरी करून, फावल्या वेळात, बिनपगारी हे काम करत होते. इतकी वर्षं आम्ही त्यांचं वापरलं आणि त्यांची पहिली आठवण काढली ती शिव्या घालायला.

फुकट मिळालेल्या गोष्टीचं हे असं होतं. आधी आनंद, मग सवय, मग हक्क, मग तक्रार. त्या शनिवारी लोकलमध्ये आम्हीही म्हणालो होतोच, "या वर्षी काही खास नव्हतं यार."

मग पैसे द्यावेत का? तेही इतकं सरळ नाही. तमाशातला दौलतजादा आठवा. नोट पुढे करणाऱ्याच्या हातात तेवढ्यापुरती सत्ता येते आणि कलावंतिणीला त्याच्या तालावर झुकावं लागतं. पैसे देऊनही माणसाला लहान करता येतं.

माझी आजी कराडजवळच्या गावात राहायची. सकाळी मोरपिसांची टोपी घातलेला वासुदेव दारात यायचा. त्याचं गाणं कसं झालं यावर आजी कधी काही बोलली नाही. सुपातून जोंधळे आणून त्याच्या झोळीत घालायची. तो घरातल्या गेलेल्या माणसांची नावं विचारायचा आणि ती घेऊन दान पोचल्याचं सांगायचा. जोंधळे ही गाण्याची किंमत नव्हती. किंमत चुकती केली की संबंध संपतो. इथे तो पुढच्या वर्षापर्यंत टिकायचा, कारण दोघं एकमेकांना ओळखून होते.

सॉफ्टवेअरमध्ये एमआयटी लायसन्स नावाचा प्रकार आहे. सगळ्यात उदार लायसन्सपैकी एक. वापरा, बदला, विका, पैसे मिळवा, लेखकाला दमडी देऊ नका. अट एवढीच की कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर काढायचा नाही. म्हणजे ज्यानं सगळं देऊन टाकलंय तोही एक गोष्ट राखून ठेवतो: हे कोणी केलं, ते पुसू नका. माझी रील या अटीतही बसत नव्हती. नुसतं बघणाऱ्यावर कदाचित काहीच देणं नसेल. पण मी नुसतं बघत नव्हतो. मी ते उचलून माझ्या नावावर पुढे पाठवलं होतं.

मार्चमध्ये पुन्हा गेलो. रस्त्यावर टॅक्सी होत्या, गर्दी नव्हती. या भागाला ज्या पुतळ्यामुळे नाव पडलं, त्याच्या घोड्यावर इंग्रज राजा सातवा एडवर्ड बसला होता. १९६५ साली तो पुतळा इथून हलवला आणि पुढे भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला. २०१७ साली बसवलेल्या नव्या घोड्यावर कोणीच नाही. लोकांनी राजाचं नाव कधी घेतलंच नाही, घोड्याचं घेतलं. कोणाचं नाव चालवायचं, हे शेवटी आपल्यासारखेच ठरवतात.

काका त्यांच्या जागी होते. मी समोर बसलो. त्यांनी माझं नाक आहे तेवढंच मोठं काढलं. सांगितले तेवढे पैसे दिले, रील दाखवली, न विचारता काढल्याबद्दल माफी मागितली आणि नाव टाकू का म्हणून विचारलं.

"टाका की," ते म्हणाले. "आणि रोज इथेच असतो, असंही लिहा. लोकांना वाटतं फेस्टिव्हललाच येतो."

तसं लिहिलं. पण दीड महिना जुनी रील आता कोण बघतं? व्ह्यूज तिथंच आहेत. ज्या चाळीस हजारांनी ती बघितली, त्यांच्यासाठी तो हात अजून बिननावाचाच आहे.