भाकरीचा प्रसाद आणि राजद्रोहाचा खटला

बुलढाणा जिल्ह्यातील शेगावच्या गजानन महाराजांचे चरित्र संतकवी दासगणूंनी १९३९ साली ‘श्रीगजाननविजय’ या नावाने ओवीबद्ध केले. त्याच्या २१ अध्यायांपैकी पंधराव्यात लोकमान्य टिळक येतात. अकोल्याच्या शिवजयंतीच्या सभेत महाराज टिळकांच्या अटकेचे भाकीत करतात. राजद्रोहाचा खटला उभा राहिल्यावर भाकरीचा प्रसाद मुंबईला पाठवतात आणि टिळक तो श्रद्धेने खातात. टिळकांच्या हातून पुढे मोठे कार्य घडले ते या प्रसादाने, अशी भक्तांची श्रद्धा आहे.

न्यायालयाच्या कागदांत कारणपरंपरा वेगळी आहे. मुझफ्फरपूरच्या बॉम्बहल्ल्यानंतर टिळकांच्या ‘केसरी’त आलेले लेख, राजद्रोहाचे कलम १२४ अ, आणि २२ जुलै १९०८ रोजी न्यायमूर्ती दावर यांनी सुनावलेली सहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा. ती भोगताना टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले ‘गीतारहस्य’ १९१५ साली प्रसिद्ध झाले.

देशाचा आधुनिक इतिहास लिहिणाऱ्याने या ओव्यांचे काय करावे? भाकीत घडलेच, असे त्याला लिहिता येत नाही. महाराजांनी १९१० साली समाधी घेतली, टिळक १९२० साली गेले, आणि ग्रंथ त्यानंतर रचला गेला. निकाल ठाऊक झाल्यावर सांगितलेल्या भाकिताला पुरावा म्हणत नाहीत. मात्र ते खोटे, असे ठरवण्याचे साधनही इतिहासाच्या पद्धतीत नाही. दंतकथा म्हणून ओव्या बाजूला सारणे सोपे असले, तरी त्यात मोठे नुकसान आहे. ज्या घरांत वर्तमानपत्र येत नव्हते, तिथेही पारायणात टिळकांचे नाव देवाच्या नावाबरोबर ऐकले गेले. राष्ट्र ही कल्पना माणसांच्या मनात कशी रुजली, हे पाहायचे तर असा दुसरा दस्तऐवज सहज सापडणार नाही.

सरकारी दफ्तरालाही बाजू असतेच. शेगाव आणि अकोला ज्यात येतात, ते वऱ्हाड तेव्हा नावापुरते निजामाचे होते. १८५३ पासून कारभार इंग्रजांचा, १९०२ मध्ये कायमचा भाडेपट्टा आणि १९०३ पासून मध्य प्रांताशी जोड. त्या दफ्तरात सारा, कापूस आणि बंदोबस्त यांच्या नोंदी विपुल आहेत. सभेला आलेल्या शेतकऱ्याला टिळकांची शिक्षा आपलीशी का वाटली, हे नोंदवण्याची सरकारला गरज नव्हती. ते ओव्यांतून ताडता येते, पण ‘भक्त असे मानत’ हे शब्द इतिहासकाराने तुच्छतेने लिहिले, तर ती साक्ष त्याच्या हातून निसटते.