माझ्याच नोकरीची जाहिरात

२०१५च्या फेब्रुवारीत, लागोपाठच्या दोन रविवारी, न्यू जर्सीतल्या एका पेपरात माझ्या नोकरीची जाहिरात आली. नोकरीवर मी होतोच, आणि मला काढायचा कुणाचा विचारही नव्हता. उलट मला कायमचं ठेवून घ्यायचं होतं, म्हणून ती जाहिरात होती.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. अमेरिकेत कंपनीला परदेशी माणसाचं ग्रीन कार्ड करायचं, तर बहुतेक वेळा आधी कामगार खात्याला दाखवावं लागतं की या कामाला लायक आणि तयार असा इथला माणूस मिळत नाही. त्यासाठी दोन रविवारच्या छापील जाहिराती, राज्याच्या रोजगार विभागाकडे तीस दिवस नोंद, ऑफिसात सलग दहा कामकाजी दिवस नोटीस, वर आणखी तीन मार्गांनी शोध. खर्च कंपनीचा, २००७पासून तो कर्मचाऱ्याकडून वसूल करता येत नाही. ज्याचं ग्रीन कार्ड व्हायचंय, त्यानं आलेल्या अर्जांच्या छाननीत पडायचं नाही. कायदा वाचला तर वाईट वाटत नाही. इथल्या माणसाची जागा बाहेरच्यानं हिसकावू नये, एवढंच त्याचं म्हणणं आहे.

आमची नोटीस पॅन्ट्रीत, मायक्रोवेव्हच्या शेजारी लागली होती. पद आणि पगार छापलेला, नाव नाही. नाव कुणाचं ते सगळ्यांना माहीत. दहा दिवस मी डबा गरम करायला लवकर जात होतो.

माझं एच-१बीचं पाचवं वर्ष चाललं होतं. हा व्हिसा एकूण सहा वर्षांचा. पुढची मुदतवाढ या अर्जावर टांगलेली. मुलगी पहिलीत होती. अशा दिवसांत एकदा लिफ्टमध्ये मॅनेजर बोलून गेला (बोलायला नको होतं), की दोन अर्ज आलेत. एक भलताच. दुसरा तसा जवळचा, वीस वर्षं याच कामात, पण आपलं रिपोर्टिंगचं सॉफ्टवेअर त्यानं वापरलेलं नाही. म्हणून बाद. "काळजी करू नकोस," असंही म्हणाला.

ते सॉफ्टवेअर मी पुण्यात, आधीच्या कंपनीत शिकलो होतो. तीन आठवड्यांत. शेजारच्या टेबलावरच्या एका सीनिअरनं चहाच्या वेळात शिकवलं. माझ्या अनुभवपत्रात त्याचा 'दोन वर्षांचा अनुभव' झाला, आणि ते खोटंही नव्हतं. तिथून ते जाहिरातीतल्या अटींमध्ये आलं. आता नियम असा आहे, की जी गोष्ट कामावर रुजू झाल्यावर वाजवी वेळात शिकता येते, तिच्याअभावी इथल्या उमेदवाराला नाकारता येत नाही. हा नियम मला माहीत नव्हता असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मी तो रात्री जागून वाचला होता.

मी गप्प बसलो. गंमत म्हणजे गप्प बसणं अगदी कायदेशीर होतं, कारण छाननीत पडायला मला मनाईच होती.

बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अरे, पण त्याला ती नोकरी मिळणारच नव्हती." हे मात्र शब्दशः खरं आहे. लायक माणूस सापडला तर कंपनीनं त्याला घ्यायलाच हवं असं कायदा म्हणत नाही. फक्त परदेशी माणसाचा अर्ज पुढे जात नाही. म्हणजे मी बोललो असतो तर त्याचं काही भलं झालं नसतं, माझं मात्र सगळं थांबलं असतं. परिणामांचा हिशोब मांडणाऱ्याला इथे अडचणच नाही.

मला आहे. त्या माणसानं वीस वर्षांचा अनुभव एका पानात बसवला, पत्र लिहिलं, उत्तराची वाट पाहिली. त्याचा अर्ज आम्हाला हवा होता तो नाकारण्यापुरता, फाइलमध्ये लावायला. शिवाय त्याच्या सरकारनं एक साधा प्रश्न विचारला होता: असा माणूस मिळतो का? आम्ही 'नाही' म्हणालो.

मायकेल वॉल्झरच्या 'स्फिअर्स ऑफ जस्टिस'मध्ये (१९८३) बाहेरून आणलेल्या कामगारांवर लिहिलंय. माणसांना कामाला आणायचं आणि सभासदत्वाचा रस्ता बंद ठेवायचा, ही त्याच्या मते जुलूमशाहीच. अथेन्समधल्या परदेशी रहिवाशांशी तो तुलना करतो. हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. पण त्याच प्रकरणात, कुणाला आत घ्यायचं ते मोठ्या प्रमाणात आतल्यांनी ठरवायचं, हेही तो मांडतो. रविवारची ती जाहिरात म्हणजे आतल्यांचं ते ठरवणंच होतं, कितीही कळकट असलं तरी. वॉल्झरचा अर्धा भाग माझ्या बाजूचा म्हणून घ्यायचा आणि उरलेला अर्धा मायक्रोवेव्हशेजारी टांगायचा, हे जमत नाही.

आणि मी बांधलेला होतो, हे कारण? ते खरं आहे. एच-१बीवर कंपनी बदलता येते, पण तेव्हा बदलली असती तर जाहिरातीपासून सगळं पुन्हा. दारात उभं करून ठेवलेल्या माणसाकडून दाराबद्दल खरं बोलायची अपेक्षा ठेवणं ही कायद्याची चलाखी आहे, असं मी मित्रांच्या बैठकीत बरेचदा बोललोय. टाळ्याही मिळाल्यात. त्या माणसासमोर बोललो असतो का, कोण जाणे.

अर्ज मंजूर झाला. त्याच्या जोरावर पुढच्या वर्षी बायकोला काम करायचा परवाना मिळाला. सात वर्षांनी ती पुन्हा नोकरीला लागली त्या दिवशी आम्ही जेवायला बाहेर गेलो होतो. ग्रीन कार्ड अजून नाही. एका देशात जन्मलेल्यांना साधारण सात टक्क्यांची मर्यादा, आणि आमची रांग लांब.

गेल्या आठवड्यात पॅन्ट्रीत नवी नोटीस लागली. आमच्याच टीममधल्या हैदराबादच्या एका मुलाची आहे. पहिल्यांदाच मी शेवटपर्यंत वाचली. खाली लिहिलेलं असतं, की या अर्जासंबंधी कागदोपत्री पुरावा कुणीही सादर करू शकतं, आणि कामगार खात्याचा पत्ता असतो. माझ्याही नोटिशीवर तो असणार. तो मुलगा डबा घेऊन आला, मला तिथे पाहून थबकला. मी मायक्रोवेव्हपासून बाजूला झालो.