दुर्मिळता आणि अपरिग्रह

ब्रिस्टल शहरात १९८७ साली क्लेअर वॉड आणि मॅट हेन्स यांनी स्थापिलेल्या ‘सारा रेकॉर्ड्स’ने ‘द सी अर्चिन्स’सारख्या अप्रसिद्ध वाद्यवृंदांची गाणी, घडीच्या कागदी वेष्टनातल्या ७ इंची तबकड्यांवर, कोणाच्याही खिशाला परवडावीत अशी काढली आणि १९९५ साली १०० वे प्रकाशन होताच आपले दप्तर स्वखुशीने बंद केले. आज त्याच तबकड्या चढ्या भावाने विकल्या जातात. अपरिग्रहाच्या या वस्तुपाठातूनच संग्राहकाची तृष्णा बळावते. मग अज्ञात स्वर प्रथम कानी पडताच होणारा आनंद मिथ्या मानावा काय? श्रवणाचा तो आनंद दुसऱ्यास ऐकवल्याने रतिभरही उणावत नाही. उणावतो तो ‘हे माझ्यापाशीच आहे’ हा अहंकार, आणि त्याची जहागीर खालसा झाल्याने रसिकाचे काहीच बिघडत नाही.