खारीचं पोट आणि माझा सोफा

दोन महिन्यांचं मांजराचं पिल्लू साधारण पाऊण ते एक किलोचं असतं. निरोगी असेल तर आठवड्याला शंभरेक ग्रॅम वाढतं. गेले तीन महिने हे दोन आकडे मी घोकते आहे, कारण माझ्या घरातल्या एका पोटाविषयी एवढंच काय ते खात्रीनं बोलता येतं. बाकी सगळा अंदाज आहे.

खारी आणि टोस्ट ही भावंडं. जुलैत, ऐन पावसात, वाकडमधल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडली. त्यांची आई परत आलीच नाही. पहिल्या आठवड्यात दोघांचीही पोटं बिघडलेली होती. टोस्टचं ताळ्यावर आलं, खारीचं आजतागायत नाही. ती खाते, पडद्यावर चढते, टोस्टच्या शेपटीवर झडप घालते आणि दिवसातून पाच-सहा वेळा पातळ, आव पडलेली, नाक धरायला लावणारी शी करते. बहुतेकदा ट्रेमध्ये. कधी कधी ट्रेपर्यंत पोचायच्या आत.

जुलाब हा तत्त्वज्ञानाचा विषय नाही असं वाटत असेल, तर जिला बोलता येत नाही आणि जिच्या वतीनं तुम्हालाच ठरवायचं आहे अशा कुणाचे तरी जुलाब तुम्ही अजून काढलेले नाहीत.

आधी घरगुती उपायांबद्दल. मिरजेहून आईचा फोन आला, "अगं, दहीभात घाल. नाहीतर थोडं दूध पाण्यात मिसळून दे, लेकरू आहे ते." आपल्या भाषेनं मांजरापुढे कायम दूधच ठेवलंय. मांजर डोळे मिटून दूध पितं, शिंकं तुटतं आणि बोक्याचं फावतं. प्रत्यक्षात आईचं दूध सुटलं की बहुतेक मांजरांमध्ये दुधातली साखर पचवणारं विकर कमी होत जातं आणि वाटीभर गाईचं दूध पोट बिघडवायला पुरतं. शिंकं तुटून बोक्याचं नेमकं काय फावलं हे दुसऱ्या दिवशी कुणी बघायला जात नसावं.

दूध हे त्यातल्या त्यात निरुपद्रवी. आपल्या डब्यातली पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. ते औषध निकामी करण्याची जी यंत्रणा माणसाच्या यकृतात असते ती मांजरात फारच तोकडी आहे. कांदा-लसूण त्यांच्या तांबड्या पेशी फोडतात, म्हणजे कालच्या रश्श्यातला चिकनचा तुकडा धुऊन दिला तरी चालत नाही. हे सगळं करणारी माणसं दुष्ट नसतात. आपल्याला जे बरं करतं ते तिलाही करेल, अशी त्यांची माया असते. पण त्या मायेत समोरचा जीव आपल्यासारखा धरलेला असतो, आणि मांजर आपल्यासारखं नाही. प्रेम करायला साम्य लागतं हे खरं. काळजी घ्यायला मात्र फरक माहीत असावा लागतो.

मग घरी करण्यासारखं काय उरतं? फार थोडं, आणि तेही पशुवैद्याशी बोलूनच. पिल्लू खायचं थांबलं, उलट्या करू लागलं, मलूल पडलं, हिरड्या चिकट-कोरड्या झाल्या, किंवा मानेमागची कातडी उचलून सोडल्यावर लगेच जागेवर गेली नाही, तर गुगल न करता रिक्षा करायची. मांजरांचा पार्वो एवढ्या लहान जिवाला एक-दोन दिवसांतही संपवू शकतो. पण पिल्लू खेळतंय, खातंय, वजन वाढतंय आणि फक्त शी सैल आहे, तर मात्र लांबच्या वाटेची तयारी ठेवायची. जंतांचं औषध. ताज्या शीची तपासणी, तीही एकदा करून भागत नाही, कारण काही परजीवी रोज बाहेर पडत नाहीत. खाणं एकच, आणि बदलायचं झालं तर आठ-दहा दिवसांत हळूहळू, जुन्यात नवं मिसळत. एका वेळी एकच बदल.

हा शेवटचा नियम मला नव्यानं शिकावा लागला नाही. माझं पोट त्याच्यावरच चालतं. प्रॉडक्शनमध्ये काही बिघडलं की दोन गोष्टी एकदम बदलायच्या नाहीत, नाहीतर कशानं सुटलं ते कधीच कळत नाही. मी स्प्रेडशीट केली. सकाळचं वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर, खाल्लेले ग्रॅम, आणि शीला एक ते सातमधला अंक; पशुवैद्यकात खरोखरच अशी पट्टी आहे, एक म्हणजे खडा, सात म्हणजे पाणी. पण कोड आणि पिल्लू यांत एक फरक आहे. कोड तुमची वाट बघत जागच्या जागी थांबतो. पिल्लू तुम्ही प्रयोग करत असताना मोठं होत असतं. त्याचं आतडं, त्याची प्रतिकारशक्ती रोज बदलत असते. म्हणजे दहाव्या दिवशी ज्याला तुम्ही नव्या खाण्याचा गुण म्हणता, तो नुसत्या दहा दिवसांचाही असू शकतो. जगातल्या निम्म्या खात्रीशीर घरगुती उपायांचं यश याच जागेवर उभं असावं असा माझा संशय आहे.

तर खारीच्या तपासणीत आधी जिआर्डिया निघाला. औषध झालं, ट्रे उकळत्या पाण्यानं धुतला, दोघांचे मागचे भाग रोज पुसले, कारण त्याच्या पुट्या ओलाव्यात टिकतात आणि केसांवरून चाटण्यातून परत पोटात जातात. पुढची तपासणी स्वच्छ आली. शी तशीच. खाणं बदललं. शी तशीच. मध्ये एकदा प्रतिजैविकाचा कोर्स झाला. पाच दिवस घरात स्वर्ग होता, सहाव्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी पीसीआर केली तेव्हा ट्रायट्रायकोमोनास सापडला. एकपेशीय जीव. गाई-गुरांमध्ये गर्भपात घडवणारा म्हणून त्याचं नाव आधी गाजलेलं. मांजरांत तो मोठ्या आतड्यात राहतो, आणि दाटीवाटीत वाढलेली तरुण मांजरं त्याला विशेष प्रिय आहेत. साध्या प्रतिजैविकानं शी तात्पुरती सुधारते, तो जात नाही. त्या पाच दिवसांच्या स्वर्गाचं स्पष्टीकरण मिळालं.

इथून पुढचा प्रश्न तंत्राचा नाही. त्याच्यावर एक औषध आहे, रोनिडाझोल. दोन आठवडे द्यायचं. ते बऱ्याचदा काम करतं, कधी करत नाही, आणि काही मांजरांत त्याचा परिणाम मज्जासंस्थेवर होतो: थरथर, अशक्तपणा, तोल जाणं, क्वचित झटके. वेळीच बंद केलं तर सहसा ते ओसरतं. दुसरा मार्ग, काही न करणं. अनेक मांजरांत हे जुलाब वयानुसार आपोआप थांबतात. त्याला काही महिने लागतात, कधी दोन वर्षंही लागतात.

डॉक्टर मॅडमनी दोन्ही नीट समजावलं. मी विचारलं, "तुम्ही काय कराल?" त्या म्हणाल्या, "आधी एक करा. तुम्हाला काय त्रास होतोय आणि तिला काय त्रास होतोय, दोन वेगळे रकाने करून आणा."

पहिला रकाना चुटकीसरशी भरला. वास. सोफा. पहाटे चारला फरशी पुसणं. रूममेटचं तोंड न उघडता नाराज असणं. घरमालक कधीही येऊ शकतात. दुसऱ्या रकान्यात मी लिहिलं: गुदद्वार लाल होतं, कधी कधी कुंथते. आणि मग बराच वेळ काही सुचेना. वजन ठरल्याप्रमाणे वाढत होतं. भूक टोस्टपेक्षा जास्त. खेळणं विचारू नका. मांजरं दुखणं लपवतात हे मला माहीत आहे, म्हणून खाली प्रश्नचिन्ह काढलं. पण प्रश्नचिन्ह धरूनही दुसरा रकाना पहिल्याच्या चौथाईएवढा होता.

म्हणजे मी ज्याला तिचा आजार म्हणत होते त्याचा मोठा भाग माझी गैरसोय होती. मग तो धोका तिच्या मेंदूनं का पत्करायचा?

बेंथमनं १७८९ मध्ये प्राण्यांविषयी एका तळटीपेत जो प्रश्न उभा केला त्याचा गाभा असा, की ते विचार करतात का किंवा बोलतात का याला महत्त्व नाही, त्यांना यातना होतात का याला आहे. वाचताना हे फार स्वच्छ वाटतं. पण त्याची कसोटी मला खारीपेक्षा माझ्यावरच जास्त लागू पडली. कारण त्या हिशेबात माझी झोपही मोजली जाते. बेंथमच्या तराजूत माझी झोपमोड आणि तिची संभाव्य थरथर एकाच मापात टाकता येतात, आणि तराजू माझ्या हातात असतो. कांटचं म्हणणं वेगळं: प्राण्यांप्रती आपलं थेट कर्तव्य नाही, पण त्यांच्याशी क्रूर वागलं की माणसांशी वागण्यातलीही माणुसकी बोथट होते. हे मला नेहमी अपुरं वाटत आलंय. खारीशी मी नीट वागावं ते ऑफिसात माझं वागणं सुधारावं म्हणून? तिचा यात काहीच वाटा नाही?

अर्थात उलट बाजूही तेवढीच संशयास्पद आहे. थांबायचं ठरवणं मलाच सोयीचं होतं. पैसे वाचतात, रोज तोंड उघडून औषध कोंबणं टळतं, आणि औषधानं काही वाईट झालं तर ते आपल्या हातून झालं, हे ओझंही टळतं. न केलेल्या गोष्टीचं पाप हलकं वाटतं. निसर्गावर सोपवलं असं म्हटलं की वाक्याला एक शहाणपणाचा वास येतो. पण पार्किंगमध्येही निसर्गच होता. तिथून मी तिला उचललं तेव्हाच तो मधून बाजूला झाला. त्यानंतर जे काही होईल, केलेलं किंवा न केलेलं, ते माझ्या खात्यावर आहे.

हेतू तपासून निर्णय घेता येईल असं मला काही दिवस वाटत होतं. येत नाही. दोन्ही वाटांवर माझा स्वार्थ आधीच जाऊन बसलेला आहे. मग मी हेतूंचा नाद सोडला आणि कामावर आम्ही जे करतो ते केलं: शांत डोक्यानं, दिवसाढवळ्या, मर्यादा आधी लिहून ठेवल्या. सलग सात दिवस वजन वाढलं नाही तर औषध. एक दिवस खाणं निम्म्यावर आलं तर त्याच दिवशी दवाखाना. रक्ताचा थेंब दिसला तर फोन, वारंवार दिसलं तर औषध. गुदद्वाराची सूज मलमानं आठवड्यात कमी झाली नाही तर औषध. डॉक्टर मॅडमनी एका आकड्यात दुरुस्ती केली आणि मान्य म्हणाल्या. यादीत सोफा नाही. पहाटे चारला फरशीवर गुडघे टेकलेल्या माझ्यावर हा निर्णय सोपवायचा नाही, एवढाच त्या कागदाचा उपयोग. रोजचं वजन तिच्या कामाचं आहे. शीचे फोटो मात्र कुणाच्याच कामाचे नव्हते, ते बंद केले.

आईचा प्रश्न यात कुठेच बसला नाही. आमचे आजोबा माळकरी. घरात अंडंही येत नाही. मधल्या काळात चार दिवस मी खारीला नुसतं उकडलेलं चिकन देत होते (चार दिवसच, त्यात कॅल्शियम वगैरे पुरेसं नसतं म्हणून) आणि आई व्हिडिओ कॉलवर बघत होती. म्हणाली, "भूतदया म्हणून आणलंस ना तिला? मग रोज ही कोंबडी कुठल्या हिशेबात?" मी टॉरिनचं सांगितलं. मांजराला ते लागतं आणि निसर्गात ते मांसातूनच मिळतं. १९८७ मध्ये अमेरिकेत संशोधकांनी दाखवून दिलं, की बाजारातल्या तयार खाण्यातही ते कमी पडत असल्यानं मांजरांची हृदयं निकामी होत होती. आपल्या अहिंसेसाठी तिचं हृदय पणाला लावता येणार नाही. आई म्हणाली, "ते कळलं. कोंबडीचं काय ते सांग."

ते मला सांगता आलं नाही. आता पाकिटातले दाणे आहेत. त्यात कोंबडी दिसत नाही, पण असते. एका जिवाला डोळे आणि नाव आहे, दुसरा ग्रॅममध्ये येतो. मी खारीच्या बाजूनं आहे, कारण ती माझ्या मांडीवर झोपते. हा युक्तिवाद नाही, हे मला माहीत आहे. आईनं त्यानंतर विषय काढलेला नाही, पण रोज वजन विचारते.

खर्चाचंही तसंच. आमच्या वॉचमन काकांनी एकदा विचारलं, "मॅडम, त्या दोघांना किती लागले?" मी आकडा सांगितला, तपासण्या धरून साडेअकरा हजार. मला वाटलं, आता काहीतरी ऐकावं लागणार, आणि ऐकायची तयारीही होती. काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "वाढतीये ना पण?"

वाढतेय. आज सकाळी एक किलो नऊशे चाळीस. शी चार आणि पाचच्या मध्ये. टोस्टची पीसीआर मी केलेली नाही. एकाच ट्रेमध्ये जातात, त्याच्याही पोटात तो असणारच, आणि निकालानं काही बदलणार नव्हतं. कागद फ्रिजवर लावलाय. सोफ्याला रूममेटनं बाळांच्या दुकानातून आणलेलं रबरी कापड घातलंय. खारीला त्याचा चुरचुर आवाज आवडतो, म्हणून हल्ली ती तिथेच जाऊन बसते.